पोरगा जेम्स ब्राउन ऐकतोय, आता काय करू?

प्रश्न: माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. परवा त्याच्या स्पीकरवर जेम्स ब्राउन चालू होता, मला वाटलं माझ्यासाठी लावलाय, तर म्हणे नाही बाबा, माझ्याच प्लेलिस्टमधलं आहे. पन्नासेक वर्षांपूर्वीचं हे अमेरिकन सोल-फंक आत्ताच्या पोरांना कसं काय आवडतं? की फॅड आहे, जाईल चार दिवसांत?
— एक वाचक, सांगली

उत्तर: जाणार नाही हो, तयारीत राहा! आणि तुमच्या मुलाने जेम्स ब्राउन बहुतेक आधीच ऐकलेला असणार, फक्त त्याला पत्ता नव्हता. १९६९ च्या नोव्हेंबरात सिनसिनाटीला ब्राउनचं 'फंकी ड्रमर' हे गाणं रेकॉर्ड झालं, त्यात मध्येच बाकीचे सगळे थांबतात आणि क्लाइड स्टबलफील्ड एकटाच वीसेक सेकंद ड्रम वाजवतो, तेही कसरती न करता, कारण ब्राउनने आधीच बजावलेलं असतं की सोलो नको, चाललंय तेच धरून ठेव. पुढे हिपहॉपवाल्यांनी हाच तुकडा उचलला, हजाराच्या वर गाण्यांत तो सापडतो, पब्लिक एनिमीच्या १९८९ च्या 'फाइट द पॉवर'मध्येसुद्धा. म्हणजे पोरं उलट्या वाटेने येतात, आधी नातू भेटतो मग आजोबा. स्टबलफील्डच्या हाताला मात्र यातून जवळजवळ काही लागलं नाही, गाणं ब्राउनच्या नावावर ना! २०१७ ला गेला बिचारा. मला ते गाणं ऐकताना दर वेळी हे टोचतं.

पण नुसत्या सॅम्पलपायी, म्हणजे अशा उचललेल्या तुकड्यापायी, कोणी मूळ गाणं परत परत लावत नाही. ब्राउनचा सगळा जीव पहिल्या मात्रेवर, तो तिला 'द वन' म्हणायचा. आपली समच म्हणा की, फक्त आपल्याकडे गवई लांब फिरून समेवर येतो तेव्हा 'वा' निघतो, आणि इथे दर चार मात्रांनी सम, गिटार बास ब्रास सगळे तिथेच आदळतात आणि मधल्या जागा ज्याच्या त्याने भरायच्या. इंग्रजी कळो न कळो, मान हलतेच.

आणि हे सगळं माणसांनी एका खोलीत बसून वाजवलंय. मोटाउन या सोलवाल्या रेकॉर्ड कंपनीचा बासवादक जेम्स जेमरसन उजव्या हाताच्या एकाच बोटाने बास छेडायचा! लय किंचित पुढेमागे होते, कॉम्प्युटरवर काटेकोर बसवलेले बीट ऐकून वाढलेल्या पोरांना तेच ताजं वाटत असावं. माझं मत आहे, भांडायला हरकत नाही.

प्रश्न: सोल आणि फंकमध्ये फरक काय? सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: ढोबळ सांगतो. सोल म्हणजे चर्चमधलं गॉस्पेल प्रेमाबिमाच्या विषयांवर आलं, तिथे राजा गळा. फंकमध्ये राजा ठेका, चाल दोन-तीन सुरांत अडकली तरी चालतं. आधी ओटिस रेडिंगचं 'डॉक ऑफ द बे' लावा, त्याचं रेकॉर्डिंग झालं आणि काही दिवसांतच, डिसेंबर १९६७ मध्ये, तो विमान अपघातात गेला, वय २६, गाणं नंबर वन झालं ते नंतर. मग स्टीव्ही वंडरचं १९७२ चं 'सुपरस्टिशन', ड्रमसुद्धा त्यानेच वाजवलेत. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर नका ऐकू, बास गायब होतो, आणि मग मलाच लिहाल की यात एवढं काय आहे.