‘अ‍ॅक्वामॅन’ चित्रपटातील पाण्याखालची दृश्ये खरोखर पाण्यात चित्रित केली होती का?

बहुतांश नाही. जेम्स वान दिग्दर्शित हा चित्रपट २०१८ साली प्रदर्शित झाला. त्याचे मुख्य चित्रीकरण ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथील स्टुडिओत झाले आणि अटलांटिस या समुद्राखालच्या काल्पनिक राज्यातील बहुतेक प्रसंग कोरड्या सेटवर, निळ्या पडद्यासमोर घेण्यात आले. खऱ्या पाण्यात कलाकारांना श्वास रोखावा लागतो, चेहऱ्यावरचे भाव बिघडतात आणि संवाद तर बोलताच येत नाहीत, त्यामुळे संवादांनी भरलेल्या कथेसाठी हाच मार्ग व्यवहार्य होता. जेसन मोमोआ आणि इतर कलाकारांना कमरेशी आधार देणाऱ्या यांत्रिक सांगाड्यांवर अडकवून हवेत तिरके, आडवे फिरवले जाई आणि ते तरंगत असल्याचा भास निर्माण केला जाई.

खरी कसोटी होती ती केसांची. कोरड्या हवेत केस पाण्यातल्यासारखे लहरत नाहीत, म्हणून ते नंतर संगणकावर तयार करून प्रत्येक हालचालीशी जुळवण्यात आले. मोमोआ यांच्या लांब जटा पाहता हे काम किती किचकट असेल, याची कल्पना करता येते! बुडबुडे, तरंगणारे कण आणि पाण्यातून झिरपणारा प्रकाशही असाच नंतर जोडलेला आहे.