दाबाला टिकलेला फोम तडकतो कसा?

प्रश्न : शीतगृहासाठी घेतलेल्या पफ पॅनेलच्या (पॉलियुरेथेन फोम भरलेल्या तक्त्यांच्या) फोमचा दाबसामर्थ्याचा दाखला पुरवठादाराने दिला होता, तरीही स्क्रूच्या भोकांपासून फोमला तडे गेले. तड्यासाठी वेगळी चाचणी असते का?
– एक लघुउद्योजक

उत्तर : असते, आणि दाबाच्या दाखल्यावरून तिच्या निकालाचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे. दाबाखाली ताठ पॉलियुरेथेन फोमच्या पेशींच्या, म्हणजे आतल्या बारीक पोकळ कप्प्यांच्या, भिंती वाकतात व थरामागून थर चिरडत जातात, त्यामुळे भार फारसा न वाढताही ठोकळा बराच दबतो. ताणाखाली मात्र हाच पदार्थ ठिसूळ असून, एखाद्या खाचेपाशी भिंती तुटू लागल्या की तडा क्षणात आरपार जातो.

म्हणून चाचणीत खाच मुद्दाम पाडली जाते. फोमच्या पट्टीला साधारण निम्म्या उंचीपर्यंत खाच देऊन ती दोन रुळांवर ठेवतात, रुळांतील अंतर पट्टीच्या उंचीच्या चौपट राखतात आणि मध्यावर भार वाढवत ती मोडतात. भार, मापे आणि खाचेची खोली यांवरून फ्रॅक्चर टफनेस, म्हणजे तडा पुढे जाण्याला पदार्थाचा होणारा विरोध, काढतात. एएसटीएम या मानक संस्थेची डी 5045 ही पद्धत मुळात भरीव प्लॅस्टिकसाठी असली, तरी फोमसाठीही तिचाच आधार घेतला जातो.

खरी कसोटी खाचेची आहे. करवतीचा बोथट काप अनेक पेशींइतका रुंद असल्यास टफनेस फसवा, म्हणजे जास्त दिसतो. उलट ब्लेड जोराने दाबल्यास खाचेपुढच्या पेशी आधीच चिरडतात. म्हणून नवे रेझर ब्लेड हलक्या हाताने मागेपुढे सरकवत खाच पूर्ण करावी आणि टोक भिंगाखाली पाहावे. रुळांखाली फोम दबतो हेही विसरू नये. मोडण्यास लागलेली ऊर्जा मोजायची असेल, तर ते दबणे वेगळे मोजून वजा करावे लागते.

साच्यात फोम ज्या दिशेने फुगतो, त्या दिशेने पेशी लांबट होतात. साहजिकच तडा कोणत्या दिशेने जातो त्यानुसार आकडा बदलतो आणि दिशा न लिहिलेला अहवाल माझ्या मते अर्धवटच होय. घनतेचा परिणाम तर फार मोठा आहे : टफनेस ढोबळमानाने घनतेच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे घनता दुप्पट केल्यास तो सुमारे 2.8 पट होतो. पुरवठादाराकडून घनता, खाचेची दिशा आणि तुमच्या शीतगृहाच्या तापमानाला घेतलेला आकडा, असे तिन्ही मागून घ्यावेत.