तीन तासांचा पेपर त्याने कधी लिहिलाच नव्हता

"मॅडम, कोरोनात पोरांचं जे बुडालं ते भरून निघेल का हो?" समुपदेशनाच्या कामात २०२१ पासून आजपर्यंत हा प्रश्न माझ्यासमोर येतोच आहे. कुणी 'अक्षर बिघडलं' म्हणतं, कुणी 'मोबाईलने वाया गेला' म्हणतं, पण आतली काळजी तीच. उत्तर देताना मला सुजय आठवतो. (नाव बदललं आहे. ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत.)

२०२२ चा फेब्रुवारी नुकता लागला होता. दहावीची परीक्षा ऑफलाइनच होणार होती आणि ३१ जानेवारीला धारावीत मुलं ऑनलाइन परीक्षेसाठी रस्त्यावर उतरली होती. ती दृश्यं घरोघरी टीव्हीवर चालू असताना सुजयची आई त्याला घेऊन आली. "वहीच उघडत नाही. विचारलं की अंगावर येतो. नववीला ऑनलाइन चाचण्यांत ८२ टक्के होते याला! मग आता काय झालं?" सुजय खुर्चीच्या कडेवर बसून नखं कुरतडत होता.

पहिल्या भेटीत मी चुकले. विषयवार वेळापत्रक करून दिलं. त्याने मान डोलावली, कागदाची घडी करून खिशात घातली. तो कागद पँटसकट धुतला गेल्याचं आईने पुढच्या वेळी सांगितलं. त्याला कुठे लागतंय हे न बघताच मी औषध दिलं होतं.

दुसऱ्या भेटीत कोरा कागद पुढे ठेवला. "आठवीपासून कुठला पेपर कुठे बसून, किती वेळ लिहिलास, तेवढंच सांग."

आठवीची पहिल्या सत्राची परीक्षा, ऑक्टोबर २०१९. शाळेत, दोन तास. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली, वार्षिक परीक्षा झालीच नाही, सगळे वर्गोन्नत. नववीत गुगल फॉर्मवर टिकमार्क, काही उत्तरं घरी लिहून फोटो पाठवायचे. नोव्हेंबर २०२० नंतर काही ठिकाणी नववीचे वर्ग भरले, सुजयच्या शाळेतही भरले, पण घरात आजी होती, म्हणून बाबांनी संमतीपत्रावर सही केली नाही. त्यांचं काय चुकलं? त्या दिवसांत मीही केली नसती. नववीची वार्षिक परीक्षाही नाही, पुन्हा वर्गोन्नत. दहावीत ४ ऑक्टोबर २०२१ पासून शाळा, जानेवारीत तिसरी लाट, परत सगळं विस्कटलेलं. मधे एक चाचणी, वीस मार्कांची.

कागद भरला आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. ऐंशी मार्कांचा, तीन तासांचा पेपर या मुलाने आयुष्यात एकदाही लिहिला नव्हता. बोर्डाचा पेपर हाच त्याचा पहिला असणार होता.

मग तो खाली बघून म्हणाला, "मॅडम, ते ८२ टक्के माझे नाहीत. पुस्तक उघडं होतं." थोड्या वेळाने आणखी एक गोष्ट बाहेर आली. तेव्हा घरात फोन एकच. बाबा भाजीच्या टेम्पोवर, दुपारी दोनला परत. तोवर सकाळचे तास होऊन गेलेले असत. ग्रुपवर आलेले फळ्याचे धूसर फोटो तो संध्याकाळी वहीत उतरवून घ्यायचा. आईला वाटायचं, पोरगा अभ्यास करतोय.

वही न उघडण्याचं कारण हे होतं. उघडली की येत नाही हे दिसणार, आणि येत नाही हे दिसलं की ८२ टक्के खोटे ठरणार. आळशी म्हणून त्याला जितकं बोललं जात होतं, तितकी ती वही जड होत होती. मी त्याला एवढंच म्हटलं, "तू तेव्हा चौदा वर्षांचा होतास, पुस्तक समोर होतं आणि पर्यवेक्षक नव्हता. आता मला सांगितलंस, म्हणजे कुठून सुरू करायचं ते आपल्याला कळलं."

सुरुवात हातापासून केली. मराठीच्या पुस्तकातला धडा बघून उतरवायचा, घड्याळ लावून. अकराव्या मिनिटाला त्याने पेन ठेवलं. सव्वा पान झालं होतं आणि अंगठ्याच्या मुळाशी कळ येत होती. पुढे रोज वीस मिनिटं, दर दोन दिवसांनी पाच मिनिटं वाढवायची. आधी उतरवून, मग येणारी उत्तरं न बघता, आणि शेवटी न येणारी. आईला एकच काम दिलं: त्याच खोलीत मेथी निवडत बसा, पण वहीत डोकावू नका. हे त्या माउलीला फार अवघड गेलं, तरी तिने पाळलं.

मोबाईल कुलपात ठेवायचा सल्ला मी दिला नाही. दीड वर्ष तोच या मुलांची शाळा होता. ज्यातून शिकायला सांगितलं त्यालाच एका रात्रीत शत्रू ठरवलं, तर मुलं आपलं का ऐकतील?

आणखी एका गोष्टीचा माझ्या धीर देण्याहून जास्त उपयोग झाला, ती म्हणजे नेमकी माहिती. २५ टक्के अभ्यासक्रम कमी केला होता, केंद्र बहुतेक मुलांना आपल्याच शाळेत मिळणार होतं, मोठ्या पेपरला अर्धा तास जादा होता आणि चाळीस मार्कांच्या पेपरला पंधरा मिनिटं. सुजयला जादा वेळाचं माहीतच नव्हतं. "म्हणजे मराठीला साडेतीन तास?" त्या दिवशी तो पहिल्यांदा सरळ बसला.

त्याच्या परवानगीने वर्गशिक्षकांशी बोलले. अशी सात-आठ मुलं त्यांच्या वर्गात निघाली. सरांनी चार शनिवार शाळेत सराव पेपर घेतले, बाकावर, अंतर ठेवून, घंटा वाजवून. पहिल्या शनिवारी निम्मी मुलं तासाभरात उठली. शेवटच्या शनिवारी घंटा होईपर्यंत कुणी जागचं हललं नाही. चाचण्या तपासण्याच्या धबडग्यात त्या सरांनी हे केलं, आणि याचे पैसे त्यांना कुणी दिले नाहीत.

१५ मार्चला मराठीचा पेपर झाला. दुपारी आईच्या फोनवरून सुजय म्हणाला, "मॅडम, पुरवणी घेतली." भूमिती वाईट गेली. निकाल ८२ च्या जवळपासही नव्हता, आणि तो आकडा पचवायला आईला वेळ लागला. त्यासाठी तिच्याशी आणखी दोनदा बसले.

आता माझ्याकडे वेगळी मुलं येतात. जून २०२० मध्ये जी पहिलीत होती, ती. 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका सह्याद्री वाहिनीवर लागायची, शिकण्यासाठी दीक्षा ॲप होतं, जुलै २०२१ मध्ये मागचं भरून काढायला ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रमही आला. पण त्या वयात बाईंनी बोट धरून गिरवायला लावणं यातल्या कशाने होणार होतं? गेल्या महिन्यात अशीच एक सहावीतली मुलगी आली. 'अभ्यासात लक्ष नाही' अशी तक्रार. मी दुसरीचं बालभारती तिच्या हातात दिलं. साधे शब्द झरझर वाचले, जोडाक्षर आलं की अंदाजाने काहीतरी म्हणून पुढे. लक्ष होतं तिचं. जोडाक्षरं शिकायच्या वयात ती घरी होती आणि पुढच्या वर्गांत कुणी मागे वळून बघितलं नाही.

तिच्या आईला म्हटलं, ताई, ट्यूशन बदलायची घाई नको. रोज दहा ओळी मोठ्याने, तुमच्याजवळ बसून, भावंडांसमोर नाही. जिथे थांबते तो शब्द लिहून ठेवा आणि बाईंना दाखवा.

परवा तो कागद घेऊन दोघी आल्या. 'प्रश्न' आणि 'पुस्तक' खोडलेले होते. 'स्वातंत्र्य' अजून राहिलंय. ते आम्ही तिघींनी मिळून, पेन्सिलीने तुकडे पाडून, फळ्यावर लिहून काढलं.