सूत्र बघून उत्कलनबिंदू सांगता येतो का? आणि पाणी खरंच ‘अपवाद’ आहे का?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की रेणू जितका जड तितका बॉइलिंग पॉइंट जास्त असं शिकवलं, पाणी अपवाद म्हणून सांगितलं, तर मग सूत्र बघून आकडा कसा काढायचा. त्या ‘अपवाद’ला माझा जुना राग आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा. एसिटोन आणि पाणी वेगळं करायचं होतं. थर्मामीटर 57च्या आसपास अडकून बसलेला, कंडेन्सरमधून थेंब थेंब पडतोय, आणि एक्स्टर्नल सर शेजारी येऊन उभे. विचारलं, एसिटोनचा रेणूभार 58, पाण्याचा 18, मग एसिटोन आधी का येतंय? मी म्हटलं सर, पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बाँडने धरून ठेवतात, एसिटोनमध्ये ऑक्सिजन आहे पण ऑक्सिजनला चिकटलेला हायड्रोजन नाही, त्यामुळे त्याला आपसात ते जमत नाही. सर म्हणाले बरोबर, म्हणजे पाणी अपवाद, नियम रेणूभाराचाच. इथे गप्प बसायला हवं होतं असं सगळे म्हणतात, मला आजही पटत नाही. मी म्हटलं इथेनॉल आणि डायमिथाइल ईथर, दोघांचं सूत्र एकच, रेणूभार दोघांचा 46, एक 78ला उकळतं आणि दुसरं उणे 24ला, ते कसं? म्हणाले तोही अपवाद. हायड्रोजन फ्लोराइड 20 रेणूभाराचा, 19.5ला उकळतो, आणि जवळपास दुप्पट जड हायड्रोजन क्लोराइड उणे 85ला? तोही अपवाद! आमचे कॉलेजचे सर तोवर दुसऱ्या टेबलावरच्या ब्युरेटमध्ये भलतेच गुंतले होते. व्हायवाचे मार्क काय पडले ते विचारू नका.

अहो, इतके अपवाद लागत असतील तर नियमच चुकीचा आहे ना. उकळताना रेणू तुटत नाही, वाफेतही पाणीच असतं, फक्त शेजारच्या रेणूंची पकड सुटते. मग पकड किती घट्ट हेच बघायचं, वजन कशाला? वजनाचाच प्रश्न असता तर जड पाणी बघा. हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम, म्हणजे हायड्रोजनचाच जड भाऊ, रेणू 11 टक्के जड, आणि उत्कलनबिंदू किती वाढला? 101.4. बस.

मग तो रेणूभाराचा नियम आला कुठून? हेलियम उणे 269, निऑन उणे 246, आर्गॉन उणे 186, क्रिप्टॉन उणे 153 अशी ओळ बघितली की वाटतंच की वजन काम करतंय. पण खरं काम इलेक्ट्रॉनचं. जास्त इलेक्ट्रॉन म्हणजे त्यांचा ढग सहज इकडेतिकडे सरकतो, क्षणभर एका बाजूला धन दुसऱ्या बाजूला ऋण होतं, आणि शेजारचा रेणू ओढला जातो. जड अणूत इलेक्ट्रॉन जास्त असतात म्हणून वजन आणि बॉइलिंग पॉइंट हातात हात घालून चालल्यासारखे दिसतात, एवढंच. आणि या ओढीला कमी लेखू नका, कार्बन टेट्राक्लोराइड ध्रुवीय नाही (म्हणजे रेणूच्या एका टोकाला कायमचा थोडा धन आणि दुसऱ्याला थोडा ऋण भार नाही) तरी 77ला उकळतं, क्लोरोफॉर्म ध्रुवीय असून 61ला.

आकारही बघावा लागतो. पेंटेनची तीन रूपं घ्या, तिन्हीचं सूत्र आणि वजन अगदी तेच. सरळ साखळीवालं 36ला उकळतं, एक फांदी फुटलेलं 28ला, आणि गोळा झालेलं निओपेंटेन 9.5ला, कारण गोल रेणूंना एकमेकांना टेकायला जागाच कमी. सरांना तेव्हा हे विचारायचं राहून गेलं, यात अपवाद कोण ते सांगायला लावलं असतं.

तर सूत्र बघून आकडा निघत नाही, इथेनॉल-ईथरचं सूत्रच एक आहे म्हटल्यावर निघणार कसा. रचना माहीत असेल तर कोण आधी उकळेल हा क्रम बऱ्यापैकी लावता येतो: आधी ओ-एच किंवा एन-एच, म्हणजे ऑक्सिजनला किंवा नायट्रोजनला चिकटलेला हायड्रोजन, आहे का, मग ध्रुवीय आहे का, मग रेणू केवढा आणि लांब की गोल. पण क्लोरोफॉर्मसारखं पात्र तिथेही गोची करतंच, म्हणून ही यादी घोकू नका. शिकवणाऱ्याने परत अपवाद म्हटलं तर पेंटेनचे तीन आकडे फळ्यावर लिहायला सांगा, परीक्षा होऊन गेल्यावर सांगितलेलं बरं.

हां, मीठ आणि धातू यात आणू नका, तिथे सुटे रेणूच नाहीत त्यामुळे हिशोब वेगळा. आणि वरचे सगळे आकडे सेल्सियसमध्ये, एक अॅटमॉस्फियर दाबाचे. व्हॅक्यूम पंप लावलात तर पाणी खोलीच्या तापमानालाही उकळेल.