माईक कोणाच्या हातात

अगं, तुझा मेसेज रात्रीच वाचला, पण घाईत उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून आत्ता निवांत लिहितेय. टीम लीड झालीस, मस्तच! आणि लगेच टेन्शन काय, तर काम टीमने केलं आणि कौतुक पण त्यांचंच झालं तर वरच्यांना मी दिसणार कशी. मलाही हाच प्रश्न पडलेला, आणि मी तेव्हा चुकीचं उत्तर काढलं होतं.

माझ्या टीममध्ये एक मुलगा होता, कामात माझ्यापेक्षा सरस. तो रात्र रात्र बसून अॅनालिसिस करायचा आणि मीटिंगमध्ये बोलायचे मी. मला वाटायचं मी त्याला सांभाळून घेतेय, वरचे लोक उलटसुलट विचारतात, तो बिचारा गडबडेल वगैरे. अर्धं खरं होतं ते. उरलेलं अर्धं म्हणजे मला ते कौतुक आवडायला लागलं होतं. दीड वर्षाने त्याने राजीनामा दिला, भांडला नाही काही नाही, एवढंच म्हणाला की मी इथे आहे हे कोणाला माहीतच नाही.

सतीश धवनांचा किस्सा व्हॉट्सअॅपवर फिरून फिरून गुळगुळीत झालाय, तरी सांगते. १० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३ या रॉकेटचं पहिलं उड्डाण फसलं, प्रोजेक्टचे प्रमुख कलाम, पण पत्रकारांसमोर गेले इस्रोचे चेअरमन धवन. लोक इथेच वा वा करून थांबतात. मला विचारशील तर अवघड भाग पुढचा, १८ जुलै १९८० ला त्याच रॉकेटवरून रोहिणी उपग्रह कक्षेत पोचला तेव्हा त्यांनी पत्रकार परिषद कलामांना घ्यायला लावली. दोष अंगावर घेणं जमतं गं, त्यात पण थोडी हिरोगिरी असतेच. जिंकल्यावर माईक दुसऱ्याला द्यायचा म्हटलं की पोटात दुखतं.

आता तुझं. कंटाळवाणी कामं खाली ढकलायची आणि त्याला डेलिगेशन म्हणायचं, हे करू नकोस. जे काम स्वतःच करावंसं वाटतंय नेमकं तेच दे. सुरुवातीला दुप्पट वेळ लागेल, लागू दे, मध्येच कीबोर्ड ओढून घेऊ नकोस. आदल्या दिवशी तूच बॉस होऊन खवचट प्रश्न विचार, तयारी करून घे. मेलमध्ये 'टीमने छान केलं' असलं मोघम लिहू नकोस, नाव घे, काय केलं ते लिही, आणि ती व्यक्ती समोर नसताना पण घे. चुकलं तर मात्र एकट्यात स्पष्ट सांग, गोड गोड बोलून कोणाचं भलं होत नाही.

आणि तू दिसणार कशी? बॉसबरोबरच्या महिन्याच्या मीटिंगमध्ये सांग ना, कोण आता कुठलं काम तुझ्याशिवाय करतंय. काही बॉसना तरीही दिसत नाही, ते मी खोटं सांगणार नाही.

शुक्रवारच्या डेमोला कोणाला उभं करतेयस ते कळव. आणि तो अडखळला तर लगेच तोंड उघडू नकोस, मनात दहापर्यंत मोज.