दावा: कचेरीतला आणि ओटीवरचा

कुडाळहून एकाने विचारलंय : 'गावातल्या दोन घराण्यांवर चित्रपट लिहितोय. सूड आहे, प्रेम आहे, शेवटी गिल्ट आहे. नायकाच्या तोंडी "मी बदला घेईन" शोभेल ना?'

नाही शोभणार. बदला हा मराठीत देवघेवीचा शब्द; मोबदला, बदली, अदलाबदल त्याच घरातले. आता मालिकेतली प्रत्येक सून उठसूट बदला घेते. सूड, वचपा, उट्टं असताना! साप डूख धरतो, बदला घेत नाही.

पण तुमच्या कथेचा खरा शब्द आहे दावा. हद्दीचा दगडी गडगा हातभर सरकला, दोन घरांतलं बोलणं तुटलं, की आपल्याकडे म्हणतात, 'तेंचो नि आमचो दावो आसा.' खटला की वैर, हे कोणी विचारत नाही. एकदा एसटीत शेजारच्या आजोबांनी मांडीवरची पिशवी उघडून मला सातबारा दाखवला. कागद घड्यांवर फाटलेला, चिकटपट्टीने सांधलेला. 'बापाशीन घातललो दावो,' म्हणाले आणि पिशवीचं तोंड पुन्हा सुतळीने आवळलं.

हा शब्द दावानलातून काढणारे भेटतात : वैर वणव्यासारखं पेटतं म्हणे. साफ चूक. वणव्याचा आणि 'दावा ठोकण्या'चा संबंध काय? दुसरे तो गुरांच्या दाव्याशी जोडतात, कारण 'दाव्याला' हे रूप दोन्हींचं होतं. रूप जुळलं म्हणून कूळ जुळत नाही! शब्द अरबी, फारसीवाटे कचेरीत आलेला. आधी हक्क सांगणं, मग फिर्याद, मग वैर. कचेरीची पायरी उतरून त्याने थेट ओटीवर मुक्काम ठोकला. आणि मूळ धातूचा अर्थ? हाक मारणं, बोलावणं. त्याच धातूपासून दावत, म्हणजे जेवायचं बोलावणं. त्याच धातूपासून दुवा, देवाला घातलेली हाक. वैर, पंगत आणि आशीर्वाद ही सख्खी भावंडं आहेत! माझं ऐकाल तर पटकथा या तिघांवरच उभी करा. गडग्यापलीकडच्या मुलीने दावेदाराच्या मुलाला जेवायला हाक मारावी, आणि त्याने जावं.

हां, गिल्ट. तो शब्द नकोच. गिलट म्हणजे आपल्याकडे दागिन्यावरचा मुलामा. नायकाला एवढंच म्हणू द्या : 'माझं मन मला खातं.'