‘यूज्ड टू’ आणि ‘अ‍ॅम यूज्ड टू’ यांत फरक काय?

फरक एवढ्याशा ‘अ‍ॅम’चा, पण अर्थ पार उलटा होतो.

‘आय यूज्ड टू लिव्ह इन पंचवटी’ म्हणजे मी पूर्वी पंचवटीत राहायचो, आता नाही. आपलं ‘जायचो, खायचो, राहायचो’ आलं की हे वापरा. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू लिव्हिंग इन पंचवटी’ म्हणजे पंचवटीत राहणं माझ्या अंगवळणी पडलंय. रामकुंडावरच्या पर्वणीच्या गर्दीचंही काही वाटत नाही. इथे ‘टू’नंतर ‘लिव्हिंग’सारखं ‘इंग’वालं रूपच येतं किंवा सरळ नाम, उदाहरणार्थ ‘नॉइज’.

सातपूरला एका मुलाखतीत मी ऐटीत म्हणालो, ‘आय यूज्ड टू वर्क इन नाइट शिफ्ट.’ सांगायचं होतं की रात्रपाळीची सवय आहे. समोरच्यांनी विचारलं, मग सोडली का?

आपली आणखी एक खोड म्हणजे ‘आय यूज टू ईट मिसळ एव्हरी संडे’. आजही खात असाल तर नुसतं ‘आय ईट’ म्हणा. ‘अ‍ॅम’शिवायच्या ‘यूज्ड टू’ने आजची सवय सांगता येत नाही.

‘वुड’ही जुन्या सवयीला चालतं, पण फक्त पुन्हापुन्हा केलेल्या कृतीला: ‘वी वुड सायकल टू गंगापूर डॅम’. ‘माझ्याकडे लूना होती’ ही कृती नाही, त्यामुळे इथे ‘वुड’ चालत नाही, ‘यूज्ड टू हॅव’ म्हणा.

प्रश्नात ‘डिड’ आलं की ‘ड’ गळतो: ‘डिड यू यूज टू’. बोलताना दोन्हीकडे ‘यूस्टू’च ऐकू येतं, त्यामुळे ही चूक फक्त लिहिताना पकडली जाते.